पाच वर्षांच्या मापाचा फ्रॉक

नागभीड
१८ जून २०२४

कमलाबाईले गिरजाबाईचा जयभीम.

पत्र पाहून दचकू नका, कोणी मेलं नाई. घरात फोन आहे, पण फोनवर भांडण पुरं होत नाई. तुमच्या वरोऱ्याले फोन लावला की आधी तुमचे मालक उचलतात, मंग तुम्ही येता. इकडे आमचे देवराव "स्पीकर लाव, स्पीकर लाव" करत बाजूले बसतात. माझं बोलणं रंगात आलं की रेंज जाते. अर्धं भांडण पोटात राह्यलं की मले जेवण जात नाई. म्हून लिहून राह्यली. चौथी शिकलेली बाई आहो, अक्षराले हसू नका.

काल देवरावनं मोबाईलवर आपल्या नातीचा फोटो दाखवला. खुशबू अहेरीच्या बाजारात उभी, हातात भजं, आन् अंगात पिवळा फ्रॉक. गळ्याले झालर, खिशावर ससा. राजदीपले फोन करून विचारलं, काऊन रे, लय महागाचा दिसते? तर माझा पोरगा म्हणते, "घेतला नाई आई, दीपालीच्या आईनं शिवून पाठवला. मोबाईलमधून काढून." मोबाईलमधून गाणे निघतात, देवरावचे सिनेमे निघतात, हे मले माईत आहे. फ्रॉक कसा निघते?

म्याही मार्चात दोन फ्रॉक पाठवले होते. एक हिरवा, एक ठिपक्याठिपक्याचा. त्यायचा एक फोटो नाई. तुमच्या सशाचे मात्र सामोरून, मागून, भजं खाताना, सगळे फोटो.

आता कामाचं. तुमच्या लेकीले पुन्हा दिवस गेले. पहिलं बाळंतपण तुमच्याकडं झालं, ती रीतच आहे, माझी तक्रार नाई. दुसरं सासरी असते. डिसेंबरात दीपाली नागभीडले येईन, आन् खुशबू तीनचार महिने माझ्याजवळ राहीन. पाच वर्षांची झाली पोरगी, पण माझ्या घरी कधी हप्त्याच्या वर टिकली नाई. या बाळंतपणाचीच मी वाट पाहून राह्यली. म्हून आधीच सांगतो, सशाचे खिसे दाखवून तिले वरोऱ्याकडं ओढू नका.

गिरजाबाई

*

वरोरा
२७ जून २०२४

सौ. गिरजाबाईंना सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. अक्षर वाचता आलं, काळजी करू नका.

तुम्ही विचारलं म्हणून सांगते. इंटरनेटवर लेकरांच्या कपड्यांचे नमुने मिळतात, काही तर फुकट. त्याला पॅटर्न म्हणतात. ते डाउनलोड करायचे, झेरॉक्सच्या दुकानात पानं छापून घ्यायची, पानाला पान चिकटवायचं आणि रेघेवरून कापायचं. माप घ्यायची कटकट नाही. पानावर वय लिहिलेलं असतं, पाच वर्षं म्हणजे पाच वर्षं. मी अंगणवाडीत कामाला होते तेव्हापासून मला नव्या गोष्टी शिकायची आवड आहे.

तुमचे फ्रॉक ती घरात घालते, असं दीपाली म्हणत होती. मजबूत असतात. मातीत खेळायला बरे.

खुशबूला आता माझ्या हातचंच लागतं, त्याला मी काय करू? सुट्टीत इकडे आली की "आजी, मशीन काढ" म्हणून पदर ओढते. ओढण्यासाठी मला वेगळं काही करावं लागत नाही.

बाळंतपणाचं म्हणाल तर रीत मलाही माहीत आहे. पण आमच्या घरापासून दवाखाना दोन गल्ल्यांवर आहे. दीपालीच्या मनात काय आहे ते तीच सांगेल.

तुमची इच्छा दिसली म्हणून एका फ्रॉकचा पॅटर्न सोबत पाठवते आहे. पानांवर आकडे आहेत, त्या क्रमानं चिकटवा. जमलं तर शिवा.

कमला

*

नागभीड
२० जुलै २०२४

कमलाबाई,

"जमलं तर शिवा" लिहिलं ना तुम्ही. आता माझंही आयका.

तुमचे कागद भाताच्या खळीनं चिकटवले, उन्हात वाळवले. एक पान बकरीनं खाल्लं असतं, देवराव धावले म्हून वाचलं. सगळं जोडून खाटेवर पसरलं, आन् पाहातो तर काय? अर्धाच फ्रॉक! सामोरून अर्धा, मागून अर्धा. एक खांदा आहे, दुसरा नाई. गळा अर्धा. देवराव म्हणते, "अगं, एखादं पान डाकेत पडलं असन." म्या म्हटलं, डाकेत नाई पडलं, वरोऱ्यात ठेवून घेतलं.

अशा वागता का, बाई? द्यायचा नव्हता तर साफ सांगायचं. अर्धा द्याचा, अर्धा आपल्या पेटीत ठेवाचा, म्हणजे गिरजाचा फ्रॉक बिघडन आन् लोकं म्हणतीन, तिले कागद देऊनही जमला नाई!

मी आजपर्यंत कागदावर शिवलंच नाई. लेकराचा जुना कपडा नव्या कापडावर ठेवाचा, चार बोटं सोडून कापाचं, झालं. राजदीप त्याच्यातच मोठा झाला, उघडा तर फिरला नाई.

पण म्याही हार मानली नाई. तुमचा अर्धा कागद कापडावर ठेवून कापला, मंग कागद उलटा करून दुसरा अर्धा कापला, आन् मधोमध जोडला. आता फ्रॉकाले गळ्यापासून खालपर्यंत धानाच्या पोत्यासारखी शिवण आहे. आन् जोडण्यात कापड गेलं म्हून तो असा अरुंद झाला की शेजारच्या तीन वर्षांच्या पोरीले चढवला तर तिचं डोकंच आत अडकलं. तिची माय ओरडली, पोरगी रडली. देवराव मात्र कवाडामागं तोंड दाबून हासून राह्यला होता.

बाकीचे पानं ताबडतोब पाठवा.

गिरजाबाई

*

वरोरा
१ ऑगस्ट २०२४

गिरजाबाई,

कोणतंही पान मी ठेवून घेतलेलं नाही. पॅटर्न अर्धाच असतो. कापडाची घडी करायची, कागदाची सरळ बाजू घडीला लावायची आणि दोन्ही पदर एकदम कापायचे. घडी उलगडली की पूर्ण फ्रॉक निघतो. कागदाच्या त्या बाजूवर बाण काढलेला आहे, तो त्याचसाठी.

आमच्याकडे तुमचं पत्र दोनदा वाचून झालं. हे फार हसले. मी हसले नाही.

एक कळवायचं होतं. सोळा ऑक्टोबरला चंद्रपूरला दीक्षाभूमीवर आपण सगळे जाणार, तेव्हा खुशबूसाठी पांढरा फ्रॉक मी करते आहे. कापडही आणलंय. तुम्ही त्रास घेऊ नये.

कमला

*

नागभीड
९ सप्टेंबर २०२४

कमलाबाई,

बाण पाह्यला. असन.

सोळा तारखेचा पांढरा फ्रॉक आमच्या घरून जाते. राजदीप लहान होता तवापासून चंद्रपूरच्या मेळ्याले त्याचे पांढरे कपडे म्याच शिवले. खुशबूचे मागचे दोन वर्षंही म्याच शिवले. तुम्ही "त्रास घेऊ नये" म्हणता, हा त्रास तुम्हाले आताच कुठून सुचला?

तुमच्याच कागदावर, घडी घालून, पांढरा फ्रॉक शिवला. तुम्हाले आयकून वाईट वाटन, पण चांगला झाला. गळा असा गोल उतरला की देवराव दोन येळा हात फिरवून गेला. काल डाकेनं अहेरीले धाडला. तुमचाही गेला म्हणे.

मंग आता बोलून काय फायदा? दोन फ्रॉक आहेत, पोरगी एक आहे. त्या दिवशी कोणाचा अंगात राहीन ते दिसनच. अन् ज्याचा दिसन, दीपाली बाळंतपणाले त्याच्या घरी, असं माझ्याकडून समजा.

गिरजाबाई

*

वरोरा
१८ ऑक्टोबर २०२४

सौ. गिरजाबाईंना जयभीम.

परवा तुम्ही धड न बोलता नागभीडच्या गाडीला निघून गेलात. गर्दी होती हे खरं, पण "येतो" तरी म्हणायचं होतं.

कबूल करायला मला कमीपणा वाटत नाही. फ्रॉक सुरेख होता. बाही काखेत ओढत नव्हती, घेर गुडघ्यावर बरोबर. मी तिथं उभी राहून डोळे भरून पाहिला, आणि खरं सांगते, आतून जळले. माझ्या फ्रॉकला मी बारीक लेस लावली होती, रात्रंदिवस डोळे फोडले होते. तो दीपालीनं पिशवीतसुद्धा आणला नाही.

तर तुम्ही जिंकलात. तुमच्या शब्दाप्रमाणे दीपाली बाळंतपणाला तुमच्याकडे येऊ दे. एवढंच मागते, खुशबू तिथं असेल तेव्हा आठवड्यातून एकदा तिला माझ्याशी बोलू द्या.

कमला

*

नागभीड
२६ ऑक्टोबर २०२४

अहो कमलाबाई,

तो फ्रॉक माझा नव्हताच!

मले वाटला तुमचा. खुशबू त्या गर्दीतून धावत आली, गोल गिरकी घेतली, म्या मनात म्हटलं, गेली बाई, वरोऱ्यानं पोरगी नेली. माझा राग तोंडापर्यंत आला होता. बोलली असती तर पवित्र जागेवर काहीबाही बोलली असती, म्हून गाडी धरली. तिकडे तुम्ही मले पाहून जळून राह्यल्या, इकडे मी तुम्हाले पाहून. दोघी म्हाताऱ्या येड्या.

तुमचं पत्र आलं तसा राजदीपले फोन लावला. म्हटलं, "खरं सांग, तो पांढरा फ्रॉक कोणाचा?" तो म्हणते, "बुधरीमायनं शिवला." कोण बुधरीमाय? तर त्यायच्या खोलीले लागून घर आहे, तिथली गोंडाची बाई. राजदीप जंगलात ड्युटीवर, दीपाली शाळेत शिकवाले जाते, आन् खुशबू दिवसभर तिच्याजवळ. मी म्हटलं, आमच्या दोघींचे फ्रॉक काय झाले? म्हणते, "आई, तुझा काखेत आवळला, दीपालीच्या आईचा आखूड झाला. खुशबू लांब झाली ना आता."

 आन् खरं तर त्याच्या पुढंच आहे. म्हटलं, दीपालीले नागभीडले कवा आणते? तर दीपालीनं फोन घेतला. "आई, राग मानू नका, मी अहेरीलेच राह्यतो. इथी सरकारी दवाखाना आहे. खुशबू बुधरीमायले सोडून कुठी राहात नाई."

माझं बाळंतपण गेलं, कमलाबाई. चुलीवर ठेवलेलं पाणी कोणी उचलून न्यावं तसं गेलं.

एक समजत नाई. कुठी राहात नाई म्हणते, मंग सुट्टीत तुमच्याकडं कशी राहाते? तुमचा पदर कोण ओढते?

गिरजाबाई

*

वरोरा
३ नोव्हेंबर २०२४

गिरजाबाई,

कोणी ओढत नाही. मी खोटं लिहिलं होतं.

मागच्या वर्षी दिवाळीला खुशबू आली होती. पहिल्या दिवशी बरी होती. दुसऱ्या दिवशी "येर दे" म्हणाली. मला कळेना, मी लाडू दिला, खेळणं दिलं. ती चिडून रडायला लागली. दीपाली आतून म्हणाली, "आई, पाणी मागते. बुधरीमाय पाण्याला येर म्हणते." त्यानंतर पोरीनं जे बुधरीमायचं नाव घेतलं ते थांबेचना. सकाळच्या गाडीनं परत नेली. त्यानंतर आली नाही.

मग मी पॅटर्न शोधू लागले. कागदावर वय लिहिलेलं असतं ना! माप घ्यायला लेकरू माझ्याजवळ होतंच कुठं? वाढदिवस झाला की पुढच्या वर्षाचा कागद काढायचा आणि शिवायचा. कागदातली पोर पाच वर्षांची झाली, आपली त्याहून उंच निघाली. तुम्ही माझ्या फोटोंवर जळत होतात, म्हणून मला बरं वाटत होतं. कोणी तरी जळतंय, म्हणजे माझ्याकडे काहीतरी आहे.

पण आता माझं ऐका. दीपालीला खोदून विचारलं. त्या बाईनं फ्रॉक कशावर शिवला? दीपालीला लग्नात मी दिलेल्या मशीनवर! आणि कशावरून कापला? मी दीपालीकडे एक जास्तीचा पॅटर्न ठेवला होता त्यावरून! वाचता येत नाही, तर तिनं कागद सरळ खुशबूच्या अंगाला लावला, जिथं कमी पडला तिथं वर्तमानपत्राची पट्टी जोडली, आणि कापला. माझी मशीन, माझा कागद, माझी नात!

मी स्वस्थ बसणार नाही. डिसेंबरात अहेरीला जाते. तुम्ही येणार?

कमला

*

नागभीड
१० नोव्हेंबर २०२४

कमलाबाई,

तुमची मशीन, तुमचा कागद, आन् फ्रॉक तिचा. वाचून मले जरा बरं वाटलं, खोटं काऊन बोलू.

खोटं लिहिलं त्याचं मी मनावर घेत नाई. म्याही शेजारणीले सांगून ठेवलं होतं की खुशबूले माझ्याशिवाय झोप येत नाई.

येतो. मी गाडीनं चंद्रपूरले उतरतो, तुम्ही वरोऱ्याहून या. तिथून अहेरीची बस. खिडकीजवळ मी बसन, मले मळमळते. डिंकाचे लाडू मी आणतो, तुमच्यात साखर जास्त असते. तुम्ही मोबाईल आना. आन् तिथी गेल्यावर त्या बुधरीशी पहिले मी बोलन. तुम्ही गोड बोलता, गोड बोलून काही होत नाई.

गिरजाबाई

*

अहेरी
१२ जानेवारी २०२५

कमलाबाईले जयभीम.

तुमच्या मालकाचे गुडघे कसे आहेत? त्यायच्या दुखण्यापायी तुम्हाले लवकर जा लागलं. दीपाली बरी आहे, दूध येते. लहानी पोरगी आता डोळे उघडून पाहाते. नाक तुमच्याकडचं आहे, सांगाले जिवावर येते, पण आहे.

तुम्ही गेल्यावरचं आयका.

तुमच्या सामोर मी बुधरीले लय बोलली नाई, कारण तुम्ही तिच्या हातचा चहा पिऊन "वा वा" करून राह्यल्या होत्या. तुम्ही गेल्या तशी मी तिच्या अंगणात गेली. ती मोहाचे पानं निवडून पत्रावळी लावत होती, खुशबू तिच्या पाठीवर लोळून राह्यली होती. म्या सरळ म्हटलं, "बुधरी, ही नात माझी आहे."

तिनं मानही वर केली नाई. म्हणते, "तुहीच आहे आजी. घेऊन जा. झोपवून दाखव."

उचलून आणली. दुपारची वेळ. थोपटलं, गाणं म्हटलं, राजदीपले म्हणत होती तेच. पोरगी डोळे मिटून पडली. मले वाटलं, साधलं. एक डोळा उघडून मले म्हणते, "आजी, तुले झोप लागली का?" म्या डोळे मिटून घेतले, पाहू म्हटलं काय करते. उठली, पायाचा आवाज न करता कवाड लोटलं आन् गेली तिकडं.

बुधरी वाईट बाई असती तर मले सोपं झालं असतं. संध्याकाळी स्वतः आणून सोडते, "जा, आजीजवळ जेव" म्हणते. बुधरीनं माझ्या हातचे लाडू खाल्ले, मंग म्हणते, "आजी, डिंक जास्त झाला." बरोबर होतं, झालाच होता. तरी मले राग आला.

मंग म्या ठरवलं, आता लेकरू माझ्यासामोर आहे, आता कागद नको, काही नको. खुशबूले उभी केली. ती हालते, हासते, काखेत गुदगुल्या होतात म्हणते. छाती मोजली, उंची मोजली, गुडघ्यापासून वर चार बोटं. बाजारातून निळं कापड आनलं. तुमच्या मशीनवर बसली, घडी घालून कापलं. खिसाही लावला. खिशावर मोर काढला, ससा नाई. दीपाली पाहून म्हणते, "आई, हा तर दुकानातल्यापेक्षा चांगला झाला." आन् ते तोंडदेखलं नव्हतं, मले कळते.

काल सकाळी घातला. कमलाबाई, असा बसला म्हणून सांगू! काखेत ओढत नाई, गळा पडत नाई, घेर गुडघ्यावर. पाच वर्षांत पहिल्यांदा माझा फ्रॉक तिच्या अंगावर असा नीट बसलेला म्या माझ्या डोळ्यानं पाह्यला. तिनं खिशात हात घातला, मोरावर बोट फिरवलं, गोल गिरकी घेतली. म्या मनात म्हटलं, आता येते गळ्यात पडाले. हातातली सुई बाजूले ठेवली, टोचू नये म्हून.

ती कवाडाकडं पळाली. "बुधरीमाय! बुधरीमाय, पाह्य!" करत कुंपणाच्या फटीतून तिकडं गेली. मी तशीच बसून राह्यली, दोन हात मोकळे.

तिकडून बुधरीचा आवाज आला, "कोणं शिवला वं?" पोरगी म्हणे, "आजीनं." "कोणत्या आजीनं?" पोरगी म्हणे, "घरातल्या."

घरातल्या! नाव नाई घेतलं. पण नागभीडची नाई म्हटलं, वरोऱ्याची नाई म्हटलं. दिवसभर मी ते एकच घोकून राह्यली. चांगलं का वाईट, ते अजून ठरलं नाई.

मोठी आपल्या दोघींच्या हातून गेली, कमलाबाई. आता तिच्यामागं लागून फायदा नाई. पण लहानी अजून कोणालेच ओळखत नाई. सकाळी आंघोळीले बुधरीच्या मांडीवर जाते, तवा मी अंगणात फेऱ्या मारत राहातो. काल बुधरी तिच्या पायाची बोटं मोजून राह्यली होती आन् दीपालीले विचारत होती, "लहानीले काही शिवू का?"

म्हून हे पत्र मिळताच मोबाईल काढा. तान्ह्या लेकराच्या झबल्याचा कागद पाहा, सगळ्यात लहान मापाचा, आन् तो दीपालीच्या मोबाईलवर पाठवा. इथी झेरॉक्सचं दुकान बाजाराच्या दिवशी उघडं राहाते, मी सकाळीच जाऊन उभी राहातो. कापड घेऊन ठेवलं आहे, बुधरीले दाखवलं नाई. बाह्या तुम्ही शिवून पाठवा, बाकीचं मी करतो. तुमचंही नाव सांगन, त्याची काळजी करू नका.

पण घाई करा. ती बाई हाताची लय चलाख आहे.

गिरजाबाई